काहून विचारणाऱ्या वच्छलाबाई

ही गोष्ट घडली तेव्हा मला शाळेत गणित शिकवायला लागून अठरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात मुलांनी मला ‘सर, हे परीक्षेला येईल का?’ असं विचारलं, ‘सर, हे सोडून दिलं तर चालेल का?’ असं विचारलं, आणि ‘सर, पाणी प्यायला जाऊ का?’ हे तर तासाला चारदा विचारतात. पण ‘काहून?’, म्हणजे आमच्या बोलीतलं ‘का?’, असं कोणी विचारलं नव्हतं. ते विचारलं वच्छलाबाईंनी, आणि त्या आमच्या शाळेत शिपाई होत्या.

आमची शाळा नागपुरात, प्रताप नगरच्या बाजूला. वच्छलाबाई राहायच्या नंदनवनात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून यायच्या, तरी साडेदहाच्या शाळेचं फाटक साडेनऊला उघडं असायचं. ठेंगण्या, अंगानं काटकुळ्या, पदर कमरेला खोचलेला आणि त्याच कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. नवरा याच शाळेत शिपाई होता. तो अचानक गेल्यावर त्याच्या जागी यांना घेतलं, तेव्हा पदरात एक लहान मुलगी होती. ती मुलगी मोठी झाली, लग्न होऊन काटोलला गेली, पण हे त्यांनी मला कधी रडगाण्यासारखं सांगितलं नाही. ‘झालं ते झालं जी’, एवढंच.

त्यांची एक खोड होती. केरातला कोणताही कागद त्या वाचल्याशिवाय टाकत नसत. वर्ग झाडताना बाकाखालून निघालेले बोळे उलगडायच्या, चष्मा नाकावर ओढायच्या, ओळ न ओळ वाचायच्या आणि मगच कचऱ्याच्या डब्यात. नववीतली कोणती मुलगी कोणाला चिठ्ठ्या लिहिते, कोणत्या सरांचं कोणतं टोपणनाव आहे, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. माझंही टोपणनाव ठाऊक असणार. मी एकदा आडून विचारलं, तर म्हणाल्या, “कागद वाचतो जी मी, वाजवत नाही.” तो विषय तिथंच संपला.

तर ते ‘काहून’. आठवीचा तास होता. फळ्यावर मी लिहिलं होतं, 2x + 5 = 17. माझं नेहमीचं चालू होतं: पाच पलीकडे गेला की चिन्ह बदलतं, अधिकचं वजा होतं, सतरातून पाच गेले बारा, दोन पलीकडे गेले की भागतात, उत्तर सहा. मलाही माझ्या गुरुजींनी असंच शिकवलं होतं, आणि त्यांना त्यांच्या गुरुजींनी. वच्छलाबाई सूचनेची वही घेऊन दारात उभ्या होत्या. मी सही केली. त्या जाईनात.

“सर, एक विचारू का?”

“विचारा ना.”

“तो पाच तिकडं गेल्यावर वजा काहून होते?”

वर्ग फिदीफिदी हसला. मी म्हणालो, “काहून म्हणजे? नियम आहे तो.”

“नियम आहे, हाव. पण इकडं असताना चांगला होता, बरोबरच्या दोन रेघा ओलांडल्या आन त्याचं काय बिघडलं?”

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, यावरूनच त्याची किंमत कळावी. वच्छलाबाई ‘बरं’ म्हणाल्या आणि पुढच्या वर्गात सूचना घेऊन गेल्या. त्या ‘बरं’मध्ये त्यांचं समाधान झालेलं नाही हे मला स्वच्छ ऐकू आलं, आणि दिवसभर मी उगाचच मुलांवर डाफरत राहिलो.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत त्या आल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नव्हती.

“सर, मले दहावी कराची आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचं मी वाचून काढीन, पण गणित तुम्ही सांगा.”

शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. मी विचारलं, “आता चोपन्नाव्या वर्षी? कशाला?”

तेव्हा सगळं कळलं. आमचे प्रयोगशाळा सहाय्यक पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. शिपायाला बढती मिळून ती जागा मिळू शकते, पण दहावी पास पाहिजे. वच्छलाबाई तरुणपणी एकदा दहावीला बसल्या होत्या, गणितात आपटल्या, आणि नंतर संसारानं मान वर काढू दिली नाही. मला वाटलं, पगाराचा फरक असेल. तसं बोललोही.

“पगार तं वाढीनच,” त्या म्हणाल्या. “पण सर, इतकी वर्षं मी टेस्ट ट्यूबा धुऊन राहिली. प्रयोगाच्या आधी मांडून ठेवतो, झाल्यावर धुतो. मंधात, जवा खरं काय ते होते, तवा मी बाहेर. खापरे मॅडम म्हणतात, बाई, दार ओढून घ्या. मले एकदा आतमधी राह्यचं आहे.”

खापरे मॅडम आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका, अतिशय सज्जन बाई, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आम्हा कोणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. आम्हाला ते दिसलंच नव्हतं, आणि मला याची आजही लाज वाटते.

शाळा सुटल्यावर अर्धा तास, असं ठरलं. पहिले आठ दिवस त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. दर ओळीला काहून. शेवटी मी वैतागून म्हणालो, “वच्छलाबाई, मानून घ्या ना!” त्या म्हणाल्या, “मानून घ्याले काय तो देव आहे?” आणि वही मिटून कुलपं लावायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मलाच प्रयोगशाळेत बोलावलं. मोठा तराजू टेबलावर काढून ठेवला होता. शेजारी गोट्यांचा डबा, मुलांकडून वेळोवेळी जप्त केलेल्या. डाव्या पारड्यात दोन कागदी कप, तोंडाला कागद आणि रबर लावून बंद केलेले, आणि पाच सुट्या गोट्या. उजव्या पारड्यात सतरा गोट्या आणि दोन रिकामे कप, त्यांनाही कागद आणि रबर लावलेलं.

“हे रिकामे कप कशाला?” मी विचारलं.

“मंग? तिकडं कपाचं वजन धरलं तं इकडं नको? पंगतीत भेद कराचा नाही.”

काटा मध्यावर होता. त्यांनी डावीकडच्या पाच गोट्या उचलल्या. तराजू कलला. मग उजवीकडच्या पाच उचलल्या. तराजू सरळ. माझ्याकडे पाहत म्हणाल्या, “कोठं गेला सर तो पाच? कोणी पलीकडं गेलं नाही. दोन्हीकडून उचलला, बस. हे असं काहून नाही सांगत तुम्ही पोट्ट्याईले?” मग उरलेल्या बारा गोट्यांचे दोन वाटे केले, एक कप उघडला. आत सहा.

मी एम.एस्सी. आहे. कॉलेजात मोठमोठे सिद्धांत घोकले आहेत. पण तो काटा मध्यावर आला तेव्हा मला खरोखर आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ अठरा वर्षांचे वर्ग आठवले. त्या दिवशी आमच्या दोघांमध्ये शिक्षक कोण होतं, हे मी कोणाला सांगत बसलो नाही.

त्यानंतर गाडी चालू लागली. आधी पाच काढायचे की आधी दोननं भागायचं, यावर मुलं नेहमी गोंधळतात. वच्छलाबाईंनी तेही आपल्या हिशेबानं बसवलं. संध्याकाळी त्या आधी कपाटाला कुलूप लावत, मग खोलीला, मग व्हरांड्याच्या ग्रिलला. सकाळी उघडताना आधी ग्रिल, मग खोली, मग कपाट. “क्ष कपाटात बसला आहे. दोन हे कपाटाचं कुलूप, पाच हे ग्रिलचं,” त्या म्हणायच्या. “जे कुलूप शेवटी लागलं ते आधी उघडा. भाहेर ग्रिल बंद असताना कपाटाची किल्ली घेऊन काय कराल?” मी पुस्तकातला x म्हणायचो, त्या जुन्या सवयीनं क्ष. दोन्ही बाजूंना क्ष असलेलं पहिलं समीकरण आलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “बाप्पा! हा तं दोन खोल्यात बसला आहे.” मग जरा वेळानं स्वतःच, “त्याले आधी एका खोलीत आणा लागते.” आणि दोन्हीकडून 2x वजा केले.

एकदा मात्र मोठा घोळ झाला. ऑफिसबाहेरच्या स्टुलावर बसून त्या गणितं करत आणि वेळ झाली की घंटा देत. त्या दिवशी तिसऱ्या तासाची घंटाच होईना. पाच मिनिटं गेली, आठ मिनिटं गेली. माझं शिकवून संपलं, मुलं उठून उभी राहिली, शेजारच्या वर्गात तर बाक वाजायला लागले. हेडसर बाहेर आले, तर वच्छलाबाई वहीत डोकं घालून बसलेल्या.

“वच्छलाबाई! घंटा?”

“एक मिनिट जी सर. एका बाजूचा वजा राहून गेला होता, आत्ता सापडला.”

हेडसर तापट नाहीत, पण त्या दिवशी तापले. सगळ्यांसमोर म्हणाले, हे असंच चालणार असेल तर बढतीचा प्रस्ताव मी पाठवणार नाही. वच्छलाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी घंटा दिली, आत जाऊन माफी मागितली, सबब सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी स्टुलाखाली गजराचं घड्याळ आलं. ते दर तासाला कर्कश्श वाजायचं आणि मग घंटा व्हायची, त्यामुळे आम्हाला दोनदा दचकावं लागे. पण त्यानंतर घंटा एकदाही चुकली नाही.

मार्चमध्ये त्या परीक्षेला बसल्या. बाकी सगळे विषय सुटले. गणितात बावीस.

स्टाफरूममध्ये हळहळ झाली, आणि एक-दोघांनी ‘या वयात काय अपेक्षा करणार’ असंही म्हटलं. मीही मनातून हात टेकले होते. वच्छलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी तपासलेल्या पेपरची छायांकित प्रत मागवली. ती आली तेव्हा टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, “पाहा जी, चूक कुठी आहे?”

चूक कुठंच नव्हती. बीजगणिताच्या पेपरात जेवढं सोडवलं होतं तेवढं जवळजवळ सगळं बरोबर होतं. पण प्रत्येक समीकरणात डावीकडून काय काढलं, उजवीकडून काय काढलं, दोन्ही बाजू पूर्ण लिहून. माझे विद्यार्थी तीन ओळींत उरकतात तिथं यांच्या आठ. दोन तासांत जेमतेम पाव पेपर झाला होता आणि पुढची पानं कोरी. भूमितीत तीच कथा.

आता जुलैची पुरवणी परीक्षा ही शेवटची संधी होती. प्रस्ताव ऑगस्टअखेर जायचा होता. तोपर्यंत निकाल हातात नसला तर जागा बाहेरच्या माणसाला जाणार. मी स्पष्ट सांगितलं, “हे पारडं-बिरडं आता पुरे. माझ्या पद्धतीनं करा. पलीकडे न्या, चिन्ह बदला, मोकळे व्हा. समजायचं ते समजलं ना एकदा?”

त्यांनी माझं ऐकलं. मान खाली घालून, माझ्या पद्धतीनं एक गणित केलं. 3x = 12. तीन पलीकडे गेला, चिन्ह बदललं, बारा वजा तीन, उत्तर नऊ. मग उत्तर ताडून पाहायची त्यांची सवय. नऊ त्रिक सत्तावीस. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“सर, तुमचा नियम खोटा आहे.”

“अहो, तिथं वजा नाही, भागायचं. तीन गुणलेला आहे ना.”

“मंग नियमात तसं कुठी आहे? चिन्ह बदला म्हणता. पाहूनच ठरवाचं असन तं मी पाहूनच करतो.”

ही चूक माझी मुलं दर वर्षी करतात. दर वर्षी मी त्यावर लाल फुली मारतो आणि शेजारी ‘निष्काळजीपणा’ असं लिहितो. किती जणांच्या वहीत लिहिलं असेल! निष्काळजी ती मुलं नव्हती. हे मला एका शिपाईबाईंनी, त्यांची बढती पणाला लागलेली असताना, माझ्याच टेबलावर दाखवून दिलं. तरी मी हटून म्हणालो, “बाई, वेळ नाही पुरणार.”

“वेळ नाही पुरत तं हात जोरानं चालवतो,” वच्छलाबाई म्हणाल्या. “डोळे कायले झाकू?”

आणि खरंच, त्यांनी पद्धत बदलली नाही, हात बदलला. मे महिना, नागपूरचं ऊन, शाळेला सुट्टी, पण शिपायांना ऑफिसात यावं लागतं. कूलरसमोर स्टूल ओढून, ते कर्कश्श घड्याळ पुढ्यात ठेवून त्या रोज वीस गणितं करत. वेळ समासात लिहून ठेवत. पहिल्या आठवड्यात एका गणिताला सहा मिनिटं, मग पाच, मग चार. वहीचे कागद संपले तेव्हा त्यांनी केरातले पाठकोरे पेपर वापरायला काढले. त्यांचा मनगटाचा सांधा सुजला. त्यावर हळद लावून पट्टी बांधून आल्या. मी म्हटलं, दोन दिवस थांबा. म्हणाल्या, “परीक्षा थांबन का?”

त्या उन्हाळ्यात त्यांना अक्षरांचीही सूत्रं भेटली, ज्यात आकडा एकही नाही. v = u + at, यात a काढा. पहिल्यांदा त्या खवळल्या. “यात आकडाच नाही, मंग उत्तर कायचं?” मी गप्प बसलो, एवढं तोवर शिकलो होतो. त्यांनी दोन्हीकडून u काढला, दोन्हीकडं t नं भागलं आणि तयार झालेल्या सूत्राकडे खूप वेळ पाहत बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हे एकदा उघडून ठेवलं की मंग कोणताही आकडा येवो, रस्ता मोकळा.” मला त्यांना सलाम करावासा वाटला. केला नाही, कारण मी भिडस्त माणूस आहे, आणि त्यांनी तेवढ्यात पुढचं गणित सुरू केलं होतं.

जुलैत बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी मी केंद्राबाहेर जाऊन उभा राहिलो. कारण काहीच नव्हतं, मी काही मदत करणार नव्हतो. पोरं भराभर बाहेर आली, बापांच्या स्कूटरवर बसून गेली. सगळ्यांत शेवटी वच्छलाबाई आल्या, मनगटाला पट्टी, बोटांना शाई.

“झाला?”

“एक राहून गेलं जी. बाकी सगळा लिवला.”

“दोन्ही बाजूंनी?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी रस्त्याकडे बघू लागलो.

निकाल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाहिला. गणित, त्रेसष्ट. हेडसरांनी स्वतः पेढे मागवले आणि त्याच दुपारी प्रस्तावावर सही केली. सगळे अभिनंदन करत होते आणि वच्छलाबाई मला बाजूला घेऊन विचारत होत्या, पेपरची प्रत मागवायची शेवटची तारीख कोणती. मी म्हटलं, पास झालात ना, आता प्रत कशाला? म्हणाल्या, “मार्क कटले ते काहून कटले, ते पाह्यचं आहे.”

पुढं निवृत्त होईपर्यंत त्या प्रयोगशाळेत होत्या. आता काटोलला मुलीकडे असतात, आणि नातीची वही तपासतात असं ऐकतो. त्या नातीची मला काळजी वाटते. त्यांच्या निरोप-समारंभात भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. मला त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतो तो दिवाळीनंतरचा, त्यांना नव्या जागेचा आदेश मिळाला त्याच आठवड्यातला एक दिवस.

संस्थेचे अध्यक्ष न कळवता शाळेत आले होते. हेडसरांची धांदल उडाली. नवा शिपाई होता, पण त्याच्या चहाचा भरवसा कोणाला नव्हता, आणि अध्यक्षांनीच विचारलं होतं, त्या बाई कुठं आहेत, त्यांच्या हातचा आल्याचा चहा होऊ द्या. माझा तास मोकळा होता. हेडसर म्हणाले, जरा सांगता का वच्छलाबाईंना?

प्रयोगशाळा व्हरांड्याच्या टोकाला आहे. मी दार ढकललं. नववीचा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला होता. खापरे मॅडम फळ्याजवळ होत्या आणि मधल्या टेबलाशी, मुलांच्या घोळक्यात, वच्छलाबाई. पदर खोचलेला, डोळ्यांवर चष्मा, हातात चिमट्यानं धरलेली टेस्ट ट्यूब, खाली स्पिरिटचा दिवा. मुलं श्वास रोखून बघत होती आणि सगळ्यांत जास्त रोखून बघत होत्या त्या.

“वच्छलाबाई, अध्यक्षसाहेब आले आहेत,” मी दारातूनच म्हणालो. “हेडसर म्हणतात, चहा तेवढा तुम्ही...”

त्यांनी मान वर केली नाही. आवाजात राग नव्हता, तोरा नव्हता.

“दुसऱ्या कोणाले सांगा जी सर. प्रॅक्टिकल सुरू आहे.” आणि मी अजून तसाच उभा आहे हे लक्षात येऊन, “आन दार लावून घ्या, वाऱ्यानं दिवा विझून राहिला.”

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.